थायरॉईड, हाडं, लोह आणि कॅल्शियम: एकाच दिवसात या सगळ्या गोळ्या कशा बसवायच्या?

गवतफुल

नमस्कार. सासूबाईंच्या (वय ६६) औषधांच्या वेळा नव्याने लावायच्या आहेत. औषधं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या डॉक्टरांनी सुरू केलेली आहेत आणि सगळी यादी एकत्र कुणीच पाहिलेली नाही. सध्या असं चालतं:

सकाळी ६: उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम आणि त्याबरोबरच पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ. गोळ्या घेऊन त्या अर्धा तास पुन्हा पडून राहतात.
साडेसहा: पेलाभर दूध.
आठ: न्याहारीनंतर बीपीची गोळी (टेल्मिसार्टन ४० आणि क्लोरथॅलिडोन १२.५ एकत्र) आणि कॅल्शियमची पहिली गोळी.
रात्री साडेआठ: जेवणानंतर कॅल्शियमची दुसरी गोळी आणि लोहाची गोळी.
झोपताना पुन्हा पेलाभर दूध. दुपारच्या जेवणात वाटीभर दही असतं.
दर रविवारी सकाळी ६ ला अॅलेन्ड्रोनेट (हाडांची गोळी) ७० मिग्रॅ, थायरॉईडच्या गोळीबरोबरच. त्याच दिवशी डी३ ची ६०,००० युनिटची कॅप्सूल. ही साप्ताहिक कॅप्सूल पाच महिन्यांपासून चालू आहे.

कॅल्शियमच्या पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ, व्हिटॅमिन डी३ २५० आययू' असं लिहिलंय. पॅन्टोप्राझोल छातीत जळजळते म्हणून सुरू झालं, अॅलेन्ड्रोनेटनंतर काही आठवड्यांनी.

ताजे रिपोर्ट: टीएसएच (थायरॉईडची तपासणी, थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हा आकडा वाढतो) ८.६ (मागच्या वेळी २.९, डोस तोच, गोळी एकही दिवस चुकलेली नाही), हिमोग्लोबिन १०.२, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ०.९. आणि कालच लघवीतल्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिग्रॅ, दिवसातून दोनदा, पाच दिवस असं लिहून दिलंय. पहिली गोळी आज रात्री घ्यायची आहे.

प्रश्न तीन. दिवसाला २५०० मिग्रॅ कॅल्शियम जास्त होत नाही का? कोणती गोळी कोणापासून किती लांब ठेवायची? आणि टीएसएच वाढलाय म्हणून पुढच्या आठवड्यात थायरॉईडचा डोस वाढवतील असं दिसतंय, तर तो वाढवून घ्यावा का?

---

मात्रा

मी औषधनिर्माण क्षेत्रात आहे. तुमच्या तीन प्रश्नांच्या आधी सिप्रोफ्लॉक्सासिनचं बघू, कारण ते आज रात्रीच सुरू होतंय.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि कॅल्शियम पोटात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा जोड तयार होतो आणि तो आतड्यातून रक्तात उतरत नाही. लोह, मॅग्नेशियम, झिंक, अॅल्युमिनियम हेही तेच करतात. म्हणजे गोळी घेतली जाते, पण लघवीपर्यंत पुरेसं औषध पोचत नाही. जंतू अर्धवट मरतात आणि पाच दिवसांनी ताप परत येतो. ही गोळी कॅल्शियम किंवा लोहाच्या निदान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी लागते. ती स्वतःच बारा बारा तासांनी घ्यायची आहे. तुमच्या यादीत कॅल्शियम दोनदा, दूध दोनदा, लोह एकदा. हे सगळं सांभाळायला गेलात तर रोज कुठेतरी चूक होणारच.

म्हणून सोपा मार्ग असा: ज्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं त्यांना आजच फोन करा, कॅल्शियम आणि लोह चालू आहे हे सांगा आणि पाच दिवस दोन्ही थांबवलं तर चालेल का ते विचारा. बहुतेकांच्या बाबतीत चालतं. हाडांवर पाच दिवसांत काही परिणाम होत नाही, संसर्ग अर्धवट राहिला तर मात्र होतो. दूध-दहीही गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. नुसत्या दुधाबरोबर ही गोळी घेणं तर नकोच. पाणी भरपूर. आणि साठीनंतर या गटातल्या औषधांनी घोट्यामागची जाड शीर (अकिलीस टेंडन) दुखावण्याचा धोका वाढतो. टाचेच्या वर दुखू लागलं किंवा सूज आली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना कळवायचं.

डॉक्सिसायक्लिन आणि त्या गटातल्या औषधांचंही असंच आहे, त्यांना दोन-तीन तासांचं अंतर पुरतं. अॅमॉक्सिसिलिनला ही अडचण नाही. त्यामुळे 'अँटिबायोटिक' असं मोघम लक्षात ठेवू नका, नाव बघा.

आता २५०० चा हिशोब. पाकिटावरचा १२५० हा कॅल्शियम कार्बोनेट या क्षाराचा आकडा आहे. त्यात निव्वळ, म्हणजे एलिमेंटल कॅल्शियम ४० टक्के. १२५० चे ४० टक्के म्हणजे ५०० मिग्रॅ. दोन गोळ्यांचे १०००. सायट्रेटमध्ये हे प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास असतं, लॅक्टेटमध्ये १३, ग्लुकोनेटमध्ये जेमतेम ९. काही पाकिटांवर मोठ्या अक्षरात क्षाराचा आकडा असतो तर काहींवर एलिमेंटलचा, आणि ब्रँड बदलताना गोंधळ होतो तो इथेच. '५०० च्या ऐवजी १२५० ची दिली' असं समजून लोक गोळी अर्धी करून घेतात, किंवा उलट दोन घेतात. मागची बारीक अक्षरं वाचायची आणि एलिमेंटलचा आकडा पेनाने पाकिटावर लिहून ठेवायचा.

एका वेळी ५०० मिग्रॅच्या वर एलिमेंटल कॅल्शियम देऊ नये, कारण मात्रा वाढली की शोषणाचं प्रमाण घसरतं. १००० ची एकच गोळी सोयीची वाटते, पण तिचा मोठा भाग शौचावाटे निघून जातो आणि जाताना बद्धकोष्ठ देऊन जातो.

कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर. 'जेवणानंतर' म्हणजे तासाभराने नव्हे. शेवटच्या घासाबरोबर किंवा लगेच. पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करतं, त्यामुळे ते चालू असताना कार्बोनेट उपाशीपोटी घेणं जवळजवळ वाया जातं. जेवणाबरोबर घेतलं तर बरंच भागतं. तरीही पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ राहणार असेल तर सायट्रेटबद्दल विचारा, त्याला आम्लाची गरज नसते. त्याच्या गोळ्या मात्र जास्त घ्याव्या लागतात.

---

अनुपान

मात्रा यांच्या उत्तरात एक फार महत्त्वाची भर. कॅल्शियम पाच दिवस थांबवायच्या आधी एक गोष्ट नक्की करा: सासूबाईंना थायरॉईडचा त्रास शस्त्रक्रियेनंतर सुरू झालाय का? थायरॉईड काढताना तिला चिकटलेल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का बसलेला असू शकतो. अशा व्यक्तीचं रक्तातलं कॅल्शियम गोळ्यांवरच तगून असतं. त्यांनी ते परस्पर बंद केलं तर एक-दोन दिवसांत ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या, हातापायात गोळे, पुढे झटकेही येऊ शकतात. किडनीच्या रुग्णांना फॉस्फेट धरून ठेवण्यासाठी जेवणाबरोबर कॅल्शियम देतात, तेही आपल्या मनाने थांबवायचं नसतं.

---

गवतफुल

शस्त्रक्रिया झालेली नाही, ऑटोइम्यून प्रकार आहे. किडनीचाही त्रास नाही. डॉक्टरांशी बोलले, पाच दिवस कॅल्शियम आणि लोह बंद ठेवायला सांगितलंय. मात्रा, वेळेत सांगितलंत, मनापासून आभार. अनुपान, टीएसएचबद्दल तुमचं मत हवं आहे.

---

अनुपान

टीएसएच २.९ वरून ८.६ झालाय, डोस तोच आहे, गोळी चुकलेली नाही. तेव्हा गोळी पोटात गेल्यावर किती शोषली जाते हे आधी बघायला हवं. तुमच्या यादीत तिला अडवणाऱ्या चार गोष्टी आहेत: अर्ध्या तासात दूध, दोन तासांत कॅल्शियम, पॅन्टोप्राझोल आणि रविवारी अॅलेन्ड्रोनेटशी एकत्र घेणं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही लेव्होथायरॉक्सिनला पोटात बांधून ठेवतात. अंतर ४ तासांचं हवं, दोन तास पुरत नाहीत. लोह रात्री आहे, त्यामुळे त्याचा सकाळच्या गोळीशी संबंध नाही. खरा अडथळा न्याहारीचं कॅल्शियम आणि साडेसहाचं दूध.

आता समजा हे न सांगता डोस ७५ वरून १०० केला. महिन्याभरात कुणीतरी वेळा सुधारल्या. आता वाढीव डोस पूर्णच्या पूर्ण शोषला जाणार. सहासष्टाव्या वर्षी जास्तीच्या थायरॉक्सिनने छातीत धडधड, हृदयाची अनियमित लय आणि हाडांची झीज होते. हाडांसाठी अॅलेन्ड्रोनेट चालू असताना दुसऱ्या बाजूने तीच झिजवायची, असं होईल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वेळा सुधारा, मग ६ ते ८ आठवडे काटेकोर पाळा, मग टीएसएच, आणि डोसचा निर्णय त्या आकड्यावर. इतके आठवडे अशासाठी की रक्तातलं थायरॉक्सिन स्थिरावायला आणि टीएसएचने त्याला प्रतिसाद द्यायला तेवढा वेळ लागतो. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी दिशाभूल करते. हे सगळं पुढच्या आठवड्यात डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांना लक्षणं जास्त वाटली किंवा हृदयाचा काही प्रश्न असला तर ते वेगळा निर्णय घेतील आणि तो त्यांचाच असायला हवा. पण कॅल्शियमच्या वेळा माहीत असल्याशिवाय तो निर्णय त्यांना नीट घेताच येणार नाही.

पॅन्टोप्राझोलचं थोडं वेगळं आहे. ते थायरॉक्सिनला बांधत नाही, आम्ल कमी करून गोळीचं विरघळणं मंदावतं आणि हा परिणाम दिवसभर राहतो. त्यामुळे दोघांत तासांचं अंतर ठेवून फारसं साधत नाही. महत्त्वाचं हे की पॅन्टोप्राझोल चालू केलं किंवा बंद केलं की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघायचा.

आणि ते पॅन्टोप्राझोल हवंच आहे का, हा प्रश्न मी आधी विचारेन. जळजळ अॅलेन्ड्रोनेटनंतर सुरू झाली आणि गोळी घेऊन त्या पुन्हा पडतात, या दोन ओळी तुमच्या यादीतल्या सर्वात काळजीच्या आहेत. अॅलेन्ड्रोनेट अन्ननलिकेला चिकटून राहिलं तर तिथे व्रण करतं. ते उठून बसल्यावर, साध्या पाण्याच्या पेलाभर (सुमारे २०० मिली) घोटांबरोबर घ्यायचं आणि त्यानंतर किमान ३० मिनिटं, शिवाय त्या दिवसाची न्याहारी होईपर्यंत, आडवं व्हायचं नाही. बसा, उभ्या राहा, चाला. गोळी चघळायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही. गिळताना दुखतंय, छातीच्या हाडामागे दुखतंय किंवा जळजळ नव्याने वाढली आहे असं असेल तर पुढच्या रविवारची गोळी न घेता डॉक्टरांना दाखवा.

हे औषध रिकाम्या पोटीसुद्धा शंभरात एक भागही शोषलं जात नाही. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतलं तर त्यातलंही साधारण ६० टक्के जातं, आणि कॅल्शियमबरोबर घेतलं तर जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून त्याच्यासोबत फक्त साधं पाणी. खनिजयुक्त बाटलीचं पाणीही नको, त्यात कॅल्शियम असू शकतं.

अजून एक, आणि हे बाजूला पडू देऊ नका. ६६ व्या वर्षी हिमोग्लोबिन १०.२ आहे. लोहाच्या गोळीने आकडा वर आला की विषय संपला असं नसतं. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघितलंय का? लोहाची कमतरता खरंच असेल तर या वयात पोट-आतड्यातून रक्त जातंय का हे तपासावं लागतं, आणि अन्ननलिकेतला व्रण हीही त्यातली एक शक्यता आहे.

---

रानवारा

आहाराच्या बाजूने हिशोब जोडते. पेलाभर (२५० मिली) दुधात साधारण ३०० मिग्रॅ कॅल्शियम. दोन पेल्यांचे ६००. वाटीभर दह्याचे १८० च्या आसपास. बाकीच्या जेवणातून दीड-दोनशे धरा. म्हणजे साडेनऊशेच्या घरात त्यांना अन्नातूनच मिळतंय. पन्नाशीनंतर बाईला दिवसाला एकूण १२०० मिग्रॅ लागतं. हा आकडा अन्न आणि गोळी दोन्ही मिळून आहे, नुसत्या गोळीचा नाही. इथेच बहुतेक घरांत चूक होते. ९५० आणि गोळ्यांचे १००० म्हणजे १९५०. या वयाची वरची सुरक्षित मर्यादा २००० आहे. त्यांना तूट आहे अडीचशेची आणि घेतायत हजार.

त्यामुळे डॉक्टरांना थेट विचारा की रोज एकच गोळी पुरेल का. शून्य करू नका, अॅलेन्ड्रोनेट चालू असताना कॅल्शियम आणि डी पुरेसं असावंच लागतं. एक गोळी झाली की वेळापत्रकाची अर्धी अडचण आपोआप सुटते.

छातीत जळजळीसाठी मधूनच चघळायच्या गोळ्या घेत असतील तर त्याही मोजा. अनेक अँटासिडमध्ये कॅल्शियम कार्बोनेटच असतं. ५०० मिग्रॅची एक गोळी म्हणजे २०० एलिमेंटल, दिवसात चार घेतल्या तर ८००, आणि हे कुणाच्याच यादीत नसतं.

---

मात्रा

रानवारा यांच्या हिशोबाला बीपीच्या गोळीमुळे जास्त वजन येतं. क्लोरथॅलिडोन आणि त्याच्या जातकुळीतली हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम कमी करतात. हाडांसाठी ते बरंच आहे, पण वरून १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि आठवड्याला ६०,००० युनिट डी असेल तर रक्तातलं कॅल्शियम वर सरकू शकतं. तेव्हा रक्ततपासणीत हे बघायला हवं.

डीबद्दल: साप्ताहिक ६०,००० हा कमतरता भरून काढायचा कोर्स आहे, साधारण आठ आठवड्यांचा. त्यानंतर मात्रा कमी करतात. पाच महिने आठवड्याला चालू असेल तर बहुधा 'थांबवा' हे सांगायचं राहून गेलंय. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्त झालं तर बंद केल्यावरही आठवडेच्या आठवडे परिणाम राहतो. पुढची कॅप्सूल घेण्याआधी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि रक्तातलं कॅल्शियम करून घ्या. डी १०० नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर असेल तर जास्तच आहे. आणि ही साप्ताहिक कॅप्सूल रोजच्या डब्यात कधीही ठेवू नका. आठवड्याची रोज घेतली जाणं ही या औषधातली सर्वात धोकादायक चूक आहे, आणि डब्यात सात खण असले की ती होतेच.

रिपोर्ट वाचताना: रक्तातलं एकूण कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिग्रॅ प्रति डेसिलिटर असतं, प्रयोगशाळेनुसार थोडा फरक. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) कमी असेल तर आकडा फसवा कमी दिसतो. तेव्हा ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ९, अल्ब्युमिन ३ असेल तर खरा आकडा ९.८. आणि हा आकडा नॉर्मल आहे म्हणून हाडं ठीक आहेत असं मात्र समजू नका. रक्तातली पातळी टिकवायला शरीर हाडातूनच कॅल्शियम काढत असतं.

सारखी तहान, लघवीला वारंवार जाणं, मळमळ, अचानक वाढलेलं बद्धकोष्ठ, गळून जाणं, बोलण्यात गोंधळ. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर कॅल्शियम आणि डी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासा. वयस्कर माणसात हे सगळं 'वयामुळे' म्हणून सोडून दिलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

पिंपळपान

चांगला धागा. दोन प्रश्न. माझे वडील हृदयाच्या कृत्रिम झडपेसाठी वॉरफरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) घेतात. त्यांना दिलेल्या कॅल्शियमच्या गोळीवर 'के२-७' आणि 'कॅल्सिट्रिऑल' असं दोन्ही लिहिलंय. चालतं का? दुसरं, त्यांना पूर्वी मुतखडा झाला होता. मग कॅल्शियम बंदच करावं का?

---

अनुपान

के२-७ म्हणजे व्हिटॅमिन के चाच एक प्रकार, आणि वॉरफरिनचं काम व्हिटॅमिन के ला अडवणं. थोड्या मात्रेतसुद्धा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खाली येऊ शकतो, आणि कृत्रिम झडप असताना आयएनआर खाली येणं म्हणजे गुठळीचा धोका. अॅसेनोकुमारॉल या त्याच्याच गटातल्या औषधाचंही तसंच. पण आज वाचून आजच ती गोळी फेकून देऊ नका. के२ बरेच दिवस चालू असेल तर वॉरफरिनचा डोस बहुधा त्याच्यासकट जुळवलेला असेल. ते अचानक थांबवलं तर आयएनआर उलट वर जाऊन रक्तस्राव होऊ शकतो. आज-उद्याच डॉक्टरांना कळवा, आयएनआर करा, त्यांच्या सांगण्याने के२ नसलेली गोळी घ्या आणि बदलानंतर आठवड्याभरात पुन्हा आयएनआर.

कॅल्सिट्रिऑल हे डीचं सक्रिय रूप आहे. साधं डी३ यकृत आणि किडनीतून जाऊन सक्रिय होतं, त्या वाटेवर शरीराचा ताबा असतो. कॅल्सिट्रिऑल हा ताबा ओलांडून थेट काम करतं, म्हणून त्याने रक्तातलं कॅल्शियम लवकर चढतं. किडनीचा आजार किंवा पॅराथायरॉईडची कमतरता असेल तर ते लागतं. नुसतं हाडांसाठी म्हणून चालू असेल तर कशासाठी दिलंय ते विचारा. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषधही घेत असतील तर हे अजून निकडीचं, कारण कॅल्शियम चढलं की डिगॉक्सिनने लय बिघडण्याची शक्यता वाढते.

मुतखड्याचं उत्तर अन्न आणि गोळी वेगळं करून द्यावं लागतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि ते शौचावाटे जातं, म्हणून दूध-दही बंद केलं तर लघवीत ऑक्झलेट वाढतं आणि खडे वाढतात. गोळ्यांचं तसं नाही. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३६ हजारांहून जास्त रजोनिवृत्त स्त्रियांपैकी निम्म्यांना १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ४०० युनिट डी सुमारे सात वर्षं दिलं होतं. त्या गटात मुतखडे १७ टक्के जास्त झाले. तेव्हा अन्नातलं कॅल्शियम चालू ठेवा, गोळी लागलीच तर जेवणाबरोबर, रात्री झोपताना रिकाम्या पोटी नको, आणि पाणी इतकं की दिवसात दोन ते अडीच लिटर लघवी होईल. हृदयाचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

---

रानवारा

गवतफुल, थायरॉईडची गोळी झोपताना दिली तर? जेवणानंतर तीन-चार तासांनी घेतली तरी ती चांगली शोषली जाते आणि सकाळ मोकळी होते.

---

अनुपान

काहींना ते उत्तम जमतं, पण यांच्याकडे रात्रीचं दूध आहे आणि जेवण साडेआठला. गोळी बाराला द्यावी लागेल. सकाळच बरी.

---

गवतफुल

सगळ्यांचे उत्तर वाचून असं मांडलंय. सिप्रोफ्लॉक्सासिन संपल्यावर आणि कॅल्शियम एकच गोळी करायला डॉक्टर हो म्हणाले तर:

६:०० लेव्होथायरॉक्सिन, साध्या पाण्याबरोबर.
६:४५ पॅन्टोप्राझोल (ठेवायचं ठरलं तर).
७:३० न्याहारी, दूध नाही. बीपीची गोळी.
१:०० जेवणाबरोबर कॅल्शियम, ५०० एलिमेंटल.
५:०० लोह, पाण्याबरोबर.
९:३० दूध. सकाळचं दूध संध्याकाळी सातला हलवलंय.
रविवारी ६:०० अॅलेन्ड्रोनेट, ६:३० लेव्होथायरॉक्सिन, ७:३० न्याहारी. तोपर्यंत आडवं होणार नाहीत.

लोह पाचला ठीक आहे ना? आणि रविवारचा क्रम बरोबर आहे का?

---

मात्रा

रविवारचा क्रम बरोबर. अॅलेन्ड्रोनेट पहिलं, त्यानंतर अर्ध्या तासाने बाकीचं. फक्त पॅन्टोप्राझोल रविवारी सातला जाईल. पण छातीतल्या जळजळीचं डॉक्टरांनी बघेपर्यंत येत्या रविवारी अॅलेन्ड्रोनेट नको.

लोह पाचला चांगलं. दुपारच्या कॅल्शियमपासून चार तास, सातच्या दुधापासून दोन तास. चहा-कॉफीही त्याच्या आगेमागे तासभर नको. पोटात मळमळलं तर थोडं खाऊन द्या, शोषण कमी होतं पण गोळी सुटून जाण्यापेक्षा ते बरं. शौच काळसर होईल, ते लोहाचं आहे. डांबरासारखं चिकट, काळंकुट्ट आणि उग्र वासाचं झालं तर मात्र ते लोहाचं नाही, लगेच दवाखाना.

एखादी कॅल्शियमची गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका, सोडून द्या. थायरॉईडची सकाळी राहिली आणि न्याहारी झाली तर त्या दिवशी काय करायचं हे डॉक्टरांना आत्ताच विचारून तक्त्यावर लिहून ठेवा. ऐन वेळी अंदाजाने दिली जाते आणि नेमकी कॅल्शियमबरोबर दिली जाते.

---

रानवारा

अजून एक बघा. केसांसाठी, नखांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या किंवा बायोटिन असलेलं मल्टिव्हिटॅमिन घेत नाहीत ना? बायोटिनच्या मोठ्या मात्रेने काही पद्धतींच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी दिसतो. घेत असतील तर सहा-आठ आठवड्यांनंतरच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवायचं आणि प्रयोगशाळेला तसं सांगायचं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये अनेकदा लोह, कॅल्शियम, झिंक असतं, त्यामुळे तीही सकाळच्या गोळीपासून चार तास लांब.

---

गवतफुल

आत्ताच विचारलं. मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी रोज सकाळी दुधाबरोबर घेतात म्हणे, शेजारणीने सांगितलं म्हणून. आमच्या यादीत नव्हतीच ती. पाकीट बघितलं: कॅल्शियम ७५, झिंक १०, लोह १०, डी३ ४०० आययू, बायोटिन आहे. आजपासून बंद केली आणि डॉक्टरांना दाखवायच्या कागदावर लिहिली. पॅन्टोप्राझोल आणि फेरिटिनचंही लिहिलंय.